प्रतिशुद्ध : एकनाथांची ज्ञानेश्वरी आणि अभ्यासकाच्या समजुती

१

शके १५०६ च्या (इ. स. १५८४) भाद्रपदात, कपिलाषष्ठीच्या पर्वणीस, पैठण येथे गोदावरीच्या तीरी एकनाथांनी एक कार्य सिद्धीस नेले. ते नवे काव्य नव्हते आणि नवी टीकाही नव्हती. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या ज्या प्रती त्या काळी प्रचारात होत्या, त्यांतील पाठ शोधून त्यांनी त्या ग्रंथाची एक शुद्ध संहिता तयार केली. मराठी ग्रंथाच्या पाठशुद्धीचा हेतुपुरस्सर केलेला व कर्त्यानेच कालनिर्देशासह नोंदविलेला असा हा प्रयत्न आपल्या वाङ्मयेतिहासात आरंभीचा म्हणून सर्वांना परिचित आहे. तथापि एकनाथांच्या भागवताविषयी, भारुडांविषयी व रामायणाविषयी जेवढे लिहिले गेले, त्या मानाने या कार्याच्या वाट्याला विवेचन फार थोडे आले. वाङ्मयेतिहासकार त्याचा गौरव एका वाक्यात करतात आणि पुढे जातात.

प्रस्तुत लेखात एकनाथांच्या संहितेतील पाठांची चर्चा करावयाची नाही. आपण ज्याला पूज्य मानतो, त्याविषयीच्या आपल्या समजुती बुद्धीच्या कसोटीवर कशा घासाव्यात, या प्रश्नाच्या दृष्टीने या कार्याकडे पाहावयाचे आहे. हा प्रश्न केवळ संतवाङ्मयापुरता नाही. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाच्या नित्याच्या व्यवसायात तो उभा राहतो, आणि पुष्कळदा तो उभा राहिला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

२

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस एकनाथांच्या नावावर ज्या थोड्या ओव्या येतात, त्यांतील विचाराची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्यांचा आशय असा : मूळ ग्रंथ पूर्वीपासूनच अत्यंत शुद्ध आहे, परंतु पाठांतरांमुळे त्यात शुद्ध व अशुद्ध यांची मिसळ झाली, ती शोधून ग्रंथ ‘प्रतिशुद्ध’ केला. यात दोन विधाने आहेत व ती दोन निरनिराळ्या जातींची आहेत. मूळ ग्रंथ निर्दोष आहे, हे श्रद्धेचे विधान होय. प्रती परस्परांशी जुळत नाहीत, हे निरीक्षणाचे विधान होय. पहिल्या विधानाला पुरावा मागण्याची एकनाथांना आवश्यकता वाटली नाही. दुसरे मात्र ज्याने एकाहून अधिक पोथ्या समोर ठेवून वाचल्या, त्यालाच करता येईल.

सामान्यतः ही दोन विधाने एकत्र आली म्हणजे पहिले दुसऱ्याला गिळून टाकते. ग्रंथ पवित्र आहे, म्हणून घरातील पोथीही पवित्र. पोथी पवित्र आहे, म्हणून तिच्यातील प्रत्येक अक्षर प्रमाण. आणि ज्याला ते अक्षर खटकेल, तो अश्रद्ध. ही विचारसरणी आजही आपल्या परिचयाची आहे. एकनाथांनी याच्या उलट मार्ग स्वीकारला. ग्रंथावरील श्रद्धा हीच त्यांना प्रतीवर संशय घेण्याचे कारण झाली. ज्ञानदेव चुकणार नाहीत असे मानावयाचे आणि समोरच्या पोथीत चूक दिसत आहे असेही मान्य करावयाचे, तर ज्ञानदेवांचा शब्द आणि लेखकूचा शब्द यांत भेद करावाच लागतो. पूज्य वस्तू आणि ती आपल्यापर्यंत पोहोचविणारे साधन यांच्यात असा भेद करणे, हे चिकित्सेचे पहिले पाऊल होय. ते एका श्रद्धावंताने श्रद्धा न सोडता टाकले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

याच ओव्यांत त्यांनी कालाची नोंद शकांक आणि संवत्सर अशी दुहेरी केली आहे. शके १५०६, तारण नाम संवत्सर. दक्षिणेकडील पद्धतीप्रमाणे शकांकात १२ मिळवून बेरजेस ६० ने भागले असता जी बाकी राहते, ती संवत्सराचा क्रमांक होय. १५०६ मध्ये १२ मिळविले की १५१८ होतात. ६० ने भागून बाकी १८ उरते. आणि प्रभवापासून मोजल्यास अठरावा संवत्सर तारणच येतो. एकनाथी भागवताच्या शेवटी शके १४९५, श्रीमुख संवत्सर अशी नोंद आहे. तेथे बाकी ७ येते व सातवा संवत्सर श्रीमुख होय. दोन्ही ठिकाणी गणित जुळते. याचा अर्थ काय व किती घ्यावयाचा? नोंदीत अंतर्गत विसंगती नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. एखाद्या उत्तरकालीन लेखकाला ही ओवी रचावयाची असती, तर त्यालाही हे गणित करता आलेच असते. म्हणून अशा मेळाला आपण अनुकूल पुरावा म्हणू. निर्णायक पुरावा म्हणणार नाही. पुराव्याचे वजन जेवढे असेल तेवढेच धरावे, ही शिस्त लहानशा उदाहरणातही पाळावी लागते.

३

येथे प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या एका समजुतीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ज्ञानदेवांनी एकनाथांच्या स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे, ती आळंदीस येऊन काढावी, असे सांगितले, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ती एकनाथांच्या नाममुद्रेच्या एका प्रसिद्ध अभंगात आली आहे. ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाची प्रेरणा या स्वप्नात आहे. कंठाला लागलेली मुळी म्हणजे ग्रंथात शिरलेले अपपाठ. आणि ती मुळी दूर करणे म्हणजेच पाठशुद्धी, असे लेखकाने अनेक वर्षे वर्गात शिकविले. ते सांगताना आपण काही अनुमान करीत आहोत, असे त्याला कधी वाटले नाही. आपण अभंगाचा अर्थच सांगत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, अभंगात ग्रंथाचा उल्लेख कुठे आहे?” लेखकाने तत्काळ उत्तर दिले की तो सूचित आहे. तास संपल्यावर अभंग पुन्हा वाचला. त्यात स्वप्न आहे, मुळी आहे, आळंदीस जाणे आहे, नदीत दिसलेले द्वार आहे, ज्ञानदेवांची भेट आहे. ग्रंथ नाही, पोथी नाही, पाठ नाही. मग ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या त्या ओव्या पुन्हा वाचल्या. त्यांत पाठांतरे आहेत, शोधन आहे, शक आहे, पैठण आहे. स्वप्न नाही, मुळी नाही आणि आळंदीही नाही. दोन स्वतंत्र मजकूर आपल्या मनात एकत्र शिवले गेले होते आणि शिवण इतकी जुनी होती की ती दिसेनाशी झाली होती.

यावरून दोहोंचा संबंध नव्हताच असे म्हणणे पुन्हा पुराव्यापलीकडे जाणे होईल. आळंदीच्या भेटीनंतर ज्ञानेश्वरीच्या अध्ययनाकडे एकनाथांचे मन वळले असेल, हे संभवनीय आहे. परंतु ‘संभवनीय’ आणि ‘अभंगात सांगितलेले’ यांत जे अंतर आहे, ते आपण वर्षानुवर्षे पुसून टाकले होते. शिवाय अभंगाच्या कर्तृत्वाचा प्रश्नही आहे. ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा अभंगात असली म्हणजे तो एकनाथांचा, असे आपण धरून चालतो. पण भावार्थ रामायणाचा उर्वरित भाग गावबा नामक शिष्याने पूर्ण केला, हे परंपराच सांगते. गुरूच्या शैलीशी इतके एकरूप होणारे शिष्य ज्या परंपरेत होते, तेथे केवळ मुद्रेवरून कर्तृत्व ठरविणे कितपत सुरक्षित आहे, याचा विचार झाला पाहिजे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला दिलेले ते तत्काळ उत्तर लेखकाला अजून बोचते. समजूत चुकीची असणे हा दोष मोठा नव्हे. तो सर्वांच्याच हातून घडतो. प्रश्न आल्याबरोबर ग्रंथ न उघडता ‘सूचित आहे’ असे म्हणून ती समजूत वाचविणे, हा खरा दोष होय. समजूत स्वतःची असली की तिच्या बचावासाठी बुद्धी फार तत्परतेने धावते. तिच्या परीक्षेसाठी तिला हाताला धरून न्यावे लागते.

४

पैठणच्या परंपरेत वादाचा निर्णय करण्याच्या दोन पद्धती आपल्यापुढे येतात. एक चमत्काराची व दुसरी युक्तिवादाची. ज्ञानदेवादी भावंडे शुद्धीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे आली व तेथे रेड्याच्या मुखातून वेद वदविला गेला, ही कथा पहिल्या पद्धतीची होय. स्वतः ज्ञानेश्वरीत या प्रसंगाचा निर्देश नाही. एकनाथांच्या बाबतीतही तेच घडले. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिल्याबद्दल काशीतील पंडितांनी आक्षेप घेतला, ग्रंथ गंगेत टाकला असता गंगेने तो वर झेलला, आणि मग त्याची मिरवणूक निघाली, ही कथा चरित्रकारांनी सांगितली आहे. महिपतींचा भक्तविजय १७६२ चा व भक्तलीलामृत १७७४ चे. एकनाथांचे निर्याण शके १५२१ मध्ये (इ. स. १५९९) झाले. म्हणजे जे महिपती आज या चरित्राचे आपले मुख्य कथनकार आहेत, त्यांच्यात व चरित्रनायकात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

चरित्रकारांचा हेतू इतिहासलेखनाचा नव्हता. त्यांना भक्तीचे महात्म्य सांगावयाचे होते. त्यासाठी त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्यासमोरचा प्रश्न निराळा आहे. मराठीत शास्त्रार्थ सांगावा की नाही, या वादाला एकनाथांनी स्वतः काय उत्तर दिले? ते एकनाथी भागवताच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि ते शुद्ध युक्तिवादाचे आहे. संस्कृत ही देवाने निर्मिली असे म्हणणाऱ्याला ते उलट विचारतात की मग प्राकृत भाषा कोणी निर्मिली, चोरांनी? प्रतिपक्षाचे गृहीत घेऊन ते शेवटापर्यंत नेणे व त्यातून निघणारी अनिष्ट आपत्ती दाखविणे, ही न्यायशास्त्राला परिचित असलेली रीत आहे. देवाला भाषेचा अभिमान नाही, हे त्याचे पुढचे पाऊल. म्हणजे त्यांना मानणाऱ्या प्रत्येक वाचकाला तपासता येईल, पटल्यास स्वीकारता व न पटल्यास खोडता येईल, असे कारण त्यांनी पुढे ठेवले आहे.

गंगेने ग्रंथ झेलला या कथेने हाच वाद मिटविला, पण त्यातील कारण मात्र नाहीसे केले. चमत्काराने जिंकलेल्या पक्षाला आपण का जिंकलो हे सांगता येत नाही, आणि हरलेल्या पक्षाला आपले कोठे चुकले हे कळत नाही. कालांतराने लोकांच्या स्मरणात गंगा राहिली. पहिल्या अध्यायातील तो प्रश्न अभ्यासकांपुरता उरला. जो पुरुष कारणे देत होता, त्याच्या गौरवासाठी आपण त्याची कारणेच झाकली, असे झाले.

५

येथवर वाचून एकनाथ हे आधुनिक अर्थाने बुद्धिवादी होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. आमच्या पिढीतील पुष्कळ अभ्यासकांनी तो काढला आहे, व तो आम्हांला प्रिय आहे. म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कठोरपणे केली पाहिजे. कारण जी समजूत आपल्या आवडीची असते, तिला पुरावा फार लवकर सापडतो.

प्रतिकूल पुरावाही तितकाच स्पष्ट आहे. ज्या ओव्यांत एकनाथ शोधनाची नोंद करतात, त्यांच्याच जोडीला ज्ञानेश्वरीत कोणी आपली मराठी ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा कडक निर्बंधही आहे. प्रक्षेपाविरुद्धचा हा इशारा पाठरक्षणाच्या दृष्टीने योग्यच; पण त्याने ग्रंथाभोवती कुंपणही घातले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्यांनी किती प्रती पाहिल्या, त्या कोठून मिळाल्या, कोणता पाठ कोणत्या कारणाने स्वीकारला आणि कोणता टाकला, याविषयी त्या ओव्यांत काहीही सांगितलेले नाही. त्यांचा निर्णय आपल्यापर्यंत आला. निर्णयाची कारणे आली नाहीत. भाषेच्या वादात कारणे उघड मांडणारे एकनाथ पाठाच्या प्रश्नात मात्र आपल्याला केवळ फलित देतात.

युरोपात याच शतकात घडलेल्या एका प्रसंगाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. इरॅस्मस या डच पंडिताने १५१६ मध्ये बाझल येथे बायबलच्या नव्या कराराची ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्यविषयक एक वाक्य त्याला ग्रीक हस्तलिखितांत आढळले नाही, म्हणून त्याने ते गाळले. धर्मपंडितांचा गहजब झाला. पुढे ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत दाखविण्यात आली, तेव्हा १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले; परंतु आपल्या टिपांत त्याविषयीची शंका त्याने नमूद करून ठेवली. इरॅस्मसही श्रद्धावान होता. दडपण आले तेव्हा त्याने संहितेत माघार घेतली, असेही म्हणता येईल. तरीसुद्धा कारणे त्याने वाचकापुढे ठेवली असल्यामुळे नंतरच्या संपादकांना तो वाद जेथे थांबला होता तेथून पुढे नेता आला. ते वाक्य आजच्या चिकित्सक आवृत्त्यांच्या संहितेत नाही.

एकनाथांपाशी मुद्रणयंत्र नव्हते व टिपांसाठी वेगळी जागा राखण्याची मराठी पोथीची रीतही नव्हती. म्हणून त्यांना उणे ठरविणे उचित नाही. परंतु या तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. चिकित्सेला दोन अंगे आहेत : स्वतः शंका घेणे हे एक, आणि आपला निर्णय दुसऱ्याला तपासता येईल अशी सोय ठेवणे हे दुसरे. एकनाथांनी पहिले अंग पूर्णत्वाने पाळले. दुसरे अंग त्यांच्या काळाच्या साधनांमुळे व संप्रदायाच्या रीतीमुळे अपुरे राहिले.

६

दुसऱ्या अंगाचे महत्त्व किती, हे ज्ञानेश्वरीच्याच पुढील इतिहासावरून दिसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक संहिता प्रसिद्ध केली. बीडकडील पाटांगण येथे मिळालेल्या ज्या पोथीवरून ती सिद्ध केली, ती एकनाथांच्या पूर्वीची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी हाती आली, या वार्तेने अभ्यासाची दिशाच बदलली. त्याच पोथीच्या आधारे राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण लिहिले. पुढे महाराष्ट्र शासनानेही राजवाडे संहिता प्रकाशित केली.

राजवाडे हे पुराव्यावाचून एक अक्षर न लिहिणाऱ्या परंपरेचे प्रवर्तक. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ज्यांनी खंडामागून खंड प्रसिद्ध केली, त्यांच्याकडून पुराव्याचा आदर आपण शिकलो. पण ज्या पोथीवर हे सर्व उभे आहे, ती मूळ पोथी आज परीक्षणासाठी उपलब्ध नाही. तिचा कागद, तिचे अक्षर, तिच्यातील खाडाखोड पाहून तिचा काळ पुन्हा ठरविण्याचा मार्ग बंद आहे. परिणामी राजवाड्यांच्या संहितेतील भाषा प्राचीन आहे काय, याची चर्चा आपण अंतर्गत पुराव्यावरून करू शकतो. पोथीच्या काळाविषयीचा त्यांचा निर्णय मात्र त्यांच्या अधिकारावर विश्वास ठेवूनच स्वीकारावा लागतो. एकनाथांच्या बाबतीत आपण संतावर विश्वास ठेवतो, राजवाड्यांच्या बाबतीत संशोधकावर. विश्वासाचे पात्र बदलले; विश्वास ठेवण्याची क्रिया तीच राहिली. संशोधकाचे नाव घेतल्याने ती बुद्धिनिष्ठ होत नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे. वि. सी. सुखटणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले व संहितेचे सर्व कार्य १९६६ मध्ये समाप्त झाले. त्या आवृत्तीत पानाच्या वरच्या भागात स्वीकृत पाठ आहे आणि खाली, कोणत्या प्रतीत काय आहे याची नोंद आहे. ज्याला सुखटणकरांचा निर्णय मान्य नाही, त्याला त्यांच्याच पानाच्या तळाशी त्यांच्याविरुद्धचे साहित्य मिळते. मराठीत अ. का. प्रियोळकर यांनी मुक्तेश्वराच्या आदिपर्वाचे संपादन याच शिस्तीने केले. मुक्तेश्वर हा एकनाथांचा दौहित्र. आजोबांनी पैठणला ज्ञानेश्वरीसाठी जे आरंभिले, ते नातवाच्या ग्रंथाच्या निमित्ताने पुढच्या पायरीवर गेले, हा योग चित्तवेधक आहे.

७

या विवेचनाचा पदव्युत्तर अभ्यासकांशी संबंध काय, हे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. प्रबंधलेखनात आपण जी विधाने निःशंकपणे करतो, त्यांतील किती आपण स्वतः पाहिली आहेत आणि किती मार्गदर्शकाकडून, आधीच्या प्रबंधाकडून वा लहानपणीच्या कीर्तनाकडून आली आहेत? तिन्ही मार्गांनी आलेली विधाने खरी असू शकतात. पण ती कोठून आली हे ठाऊक नसेल, तर ती खोटी ठरण्याची वेळ आल्यावर आपण त्यांचा त्याग करू शकत नाही. आपण त्यांचे समर्थन करू लागतो. वर सांगितलेला वर्गातील प्रसंग याचेच उदाहरण आहे.

श्रद्धा सोडल्यावाचून परीक्षा होत नाही, असे काही जण म्हणतात. आणि परीक्षा केली की श्रद्धा उरत नाही, असे दुसरे काही म्हणतात. शके १५०६ मधील पैठणच्या त्या कार्याने दोन्ही पक्षांना उत्तर दिले आहे. एकनाथांनी ज्ञानदेवांवरील निष्ठा ठेवली व समोरच्या पोथीवर विश्वास ठेवला नाही. आपणही एकनाथांविषयीचा आदर ठेवून, त्यांच्याविषयीच्या आपल्या आवडत्या समजुतींवर विश्वास न ठेवण्यास शिकले पाहिजे. ते समाजसुधारक होते, बुद्धिवादी होते, समन्वयकार होते, यांपैकी प्रत्येक विधान त्यांच्या ग्रंथांतील अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही स्थळांसह मांडले गेले पाहिजे, आणि दोन्ही स्थळे वाचकाला सापडतील अशा रीतीने नोंदविली गेली पाहिजेत.

दरवर्षी फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. वाळवंटात दिंड्या उतरतात, आणि स्वप्नाची, गंगेची व रेड्याची कथा कीर्तनांतून पुन्हा सांगितली जाते. त्या कथांचे स्थान लोकांच्या भावजीवनात आहे व ते तेथे राहील. अभ्यासकाचे काम त्या कथा बंद पाडण्याचे नाही. गोदातीरी पोथ्या समोर ठेवून बसलेला, एक ओळ या प्रतीत अशी व त्या प्रतीत तशी का, म्हणून थांबलेला जो एकनाथ त्या कथांत फारसा भेटत नाही, त्याचा शोध घेणे हे त्याचे काम होय. त्या शोधात आपण कोणती प्रत पाहिली व कोणत्या कारणाने काय ठरविले, हे त्याने लिहून ठेवावे. पुढच्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, तर तिला उत्तरादाखल पान दाखविता आले पाहिजे.